सरकारच्या डब्याला मामांचे टायर

लढाईच्या दिवसांत हिंगोलीच्या बाजारात सोनं मिळत होतं, पण टायर मिळत नव्हता. सोनाराच्या दुकानात कुणीही जाऊन बसावं, भाव ऐकून उठावं, त्याला कसली बंदी नव्हती. मोटारीचा टायर हवा असेल तर मात्र आधी अर्ज करायचा, त्या अर्जावर तहसिलीचा शेरा मिळवायचा, मग जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायचे आणि शेवटी "पुढच्या खेपेला बघू" हे ऐकून घरी यायचं. रबर सगळं फौजेकडे जात होतं. ते समजण्यासारखं होतं. जे समजण्यासारखं नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनीही समजलेलं नाही, ते सांगायला बसलो आहे.

माझे मामा हिंगोली ते सेनगाव सर्व्हिस मोटार चालवत. मोटार त्यांची, हाकणारेही तेच. मी मॅट्रिक होऊन नोकरीची वाट पाहत होतो आणि ती येईपर्यंत मामांच्या मोटारीत तिकिटं फाडत होतो. नोकरीला घाई नव्हती, त्यामुळे माझी तिकिटं फाडण्यात बरीच प्रगती झाली. मोटार म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर बसवलेली लाकडी बाकं. नरसीला ती थांबायची, तिथे नामदेवाच्या दर्शनाला आलेली माणसं चढायची, पुढे वाटेत हात करील त्याला मामा घेत. माहेरी निघालेल्या बाया, दवाखान्याला निघालेले आजारी, टपालाची थैली, कापसाचा नमुना घेऊन निघालेला एखादा शेतकरी. सेनगावच्या बाजूला दुसरं वाहन म्हणजे बैलगाडी.

मग टायर झिजून त्यांतली सुतं दिसायला लागली आणि मोटार लिंबाखाली विटांवर उभी राहिली. मामांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अखेर दोन टायर मंजूर झाले. ते घरी आले त्या दिवशी मामीने त्यांना हळदकुंकू लावलं. मी तेव्हा बरंच वाचत असे आणि अशा गोष्टींना हसणं हे माझं कर्तव्य समजत असे. त्या दिवशी हसलो नाही. दोन्ही नवे टायर मागच्या चाकांना गेले, कारण भार मागे असतो. पुढच्या चाकांवर जुन्यांतले बरे दोन भागले. सर्व्हिस पुन्हा सुरू झाली.

आता डब्याबद्दल. आखाडा बाळापूरच्या अंगाला एक जहागीरदार राहत. त्यांना सगळे सरकार म्हणत, त्यांची मुलंसुद्धा. सिकंदराबादेहून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून सरकारांनी चाकांवरचं घर विकत घेतलं होतं. मोटारीच्या मागे जोडायचं, हवं तिथे न्यायचं आणि आत झोपायचं. दोन चाकं, दोन पलंग, एक घडीचं टेबल, भिंतीत आरसा, खिडकीला जाळी. ते आगगाडीच्या उघड्या वाघिणीवरून हिंगोली स्टेशनात उतरलं, म्हणून लोकांनी त्याचं नाव डबा ठेवलं. सरकारांना ते नाव आवडत नसे. ते त्याला 'सफरी बंगला' म्हणत. बंगल्याने एकच सफर केली होती, स्टेशनापासून हवेलीपर्यंत, तीही बैलांच्या मागे. त्यानंतर तो दोन उन्हाळे अंगणात उघड्यावर उभा होता.

वैशाखात सरकारांचा निरोप आला, मोटार घेऊन या. सरकारांचा ड्रायव्हर फौजेत गेला होता. सरकारांची मोठी मोटार चालवायला माणूस हवा असेल, असा मामांचा समज झाला. डब्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून सांगायला मीही यावं, असं निरोपात होतं. आम्ही गेलो.

अंगणात कारभारी उभे होते. हातात वेताची काठी, डोक्यावर रुमाल, आणि सरकारांचा आवाज घशात साठवून ठेवल्यासारखं बोलणं. हैदराबादचे एक बडे साहेब सेनगावकडच्या रानात शिकारीला येत होते. त्यांचा मुक्काम आपल्या सफरी बंगल्यात होईल, असा शब्द सरकारांनी देऊन टाकला होता.

"टायर बगा," कारभारी म्हणाले. "नवे कोरे हायेत. नक्षीसुदिक घासली न्हाई."

नक्षी घासली नव्हती हे खरं. रस्ताच न पाहिलेल्या टायरची नक्षी घासणार कशाने? मामा खाली बसले, त्यांनी टायरच्या कुशीवर नख दाबलं. रबर पापडासारखं तडकलेलं होतं. दोन उन्हाळे एकाच जागी भार घेऊन, हवा नसताना उभा राहिलेला टायर आतून मेलेला असतो, वर नक्षी कितीही कोवळी दिसो. मी पुस्तक उघडलं. त्यातही तेच होतं: टायर भार पाहून निवडा, नक्षी पाहून नव्हे, दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि एकाच ताकदीचे लावा. सरकारांच्या मोटारीचा जादा टायर लावून पाहिला तर तो एक तर एकच, त्यात इतका बारीक की हत्तीच्या पायात चाळ बांधल्यासारखा दिसला.

"मंग तुमच्या सर्विशीचे मागले दोन," कारभारी म्हणाले.

मामा काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. आमची मोटार फाटकात उभी राहिल्या राहिल्या त्यांनी चाकाचं माप घेऊन ठेवलं होतं. डब्याचं आणि आमच्या मोटारीचं चाक एका मापाचं निघालं, हाच घात. मामांना कशासाठी बोलावलं होतं ते आम्हांला तेव्हा कळलं.

"अन् माझी सर्विस?" मामांनी विचारलं.

"चार रोजाची तर गोष्ट हाय. लोक पायी जातील. आधी काय मोटारीत जल्मले व्हते?"

"कारभारी, हे दोन गेले तर माझी मोटार गेली. तिसरा न्हाई माझ्याकडं."

"जाऊन कुठं राहिले? सरकारच्या हुकमात हायेत. बराबर परत भेटतील."

तेवढ्यात सरकार ओसरीवर आले. अंगात पांढरी शेरवानी, हातात अत्तराचा रुमाल. टायर देता का, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी विचारलं, "टायर बसले का?"

सर्व्हिसचं लायसन दर वर्षी नवं करावं लागे आणि तहसिलीत सरकारांचा शब्द काय करू शकतो हे मामांना माहीत होतं. ते म्हणाले, "बसवतो, सरकार. पन त्यात हवा मी म्हनन तेवढीच ऱ्हाईल."

"हवेचं काय," सरकार म्हणाले, "हवा तर फुकट आहे."

अंगणातले सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही, आणि त्या काळात ही गोष्ट लक्षात येण्याजोगी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता निघायचं ठरलं. डबा भरला जात होता. साहेबाने दिलेल्या सामानात सरकारांनी आपली भर घातली होती: जाजम, गाद्या, लोड, तांब्याचा बंब पाण्याने भरलेला, आणि बडे साहेब पलंगावर न मावले तर म्हणून एक लोखंडी खाट. हे सगळं मागच्या बाजूला रचलं जात होतं. मी पुस्तकावर बोट ठेवून म्हणालो, जड सामान आसाच्या पुढे ठेवा, नाही तर डबा शेपूट हलवील.

"भाचेबुवा," कारभारी म्हणाले, "पुढं जड केलं की बैलाच्या मानंवर भार येतो."

"बैल कुठाय?"

"बैल न्हाई म्हणून काय झालं? रीत हाय ती."

मामांनी गार हवेत, सूर्य वर यायच्या आत, दोन्ही टायर भरले. त्यांच्याकडे हवा मोजायची पितळी नळी होती. एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला लावली, दोन्हीकडे सारखी. कमी हवेचा टायर रस्त्यावर चालून चालून तापतो, जास्त हवेचा दगडाला कडक लागतो आणि ऊन चढेल तशी आतली हवा आणखी फुगते. म्हणून भरायची ती सकाळी, आणि मग तिला हात लावायचा नाही. मामांनी हे कारभाऱ्यांना दोनदा सांगितलं. नारळ फुटला. आणि मग कारभाऱ्यांनी पुढे होऊन काठीने टायरवर टिचकी मारली.

थप.

त्यांचा चेहरा पडला. "बोलत न्हाई," ते म्हणाले.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव शेणकुटांच्या आरात लाल करायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं की ती आवळून लाकडाला मिठी मारते. मग हातोडीने ठोकून पाहायचं. खणखणीत वाजली तर चाक वर्षभर चालेल. भद्द वाजली तर धाव ढिली आहे, गाडी जुंपू नका. कारभाऱ्यांचं सारं आयुष्य जहागिरीच्या गाड्या मोजण्यात गेलं होतं. त्यांच्या लेखी चाक म्हणजे चाक. रबराचं असलं तरी ते बोललं पाहिजे.

मामांनी नळी दाखवली. कारभारी म्हणाले, "ह्या कांड्याला काय कळतं? कान कशाला दिलेत देवानं?"

आम्ही निघालो. आमची मोटार हवेलीच्या अंगणात विटांवर राहिली. सरकारांची मोटार मामा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, कारभारी मागे. सरकार मोटारीत बसलेच नाहीत. ते डब्यात बसले, खिडकीची जाळी वर करून, म्हणजे रस्त्यातल्या लोकांना दिसावेत. मामा हळू चालवत होते. तरी मागचं ओझं मोटारीची शेपटी डावीकडे उजवीकडे ओढत होतं. पाठीमागे कुठूनशी ड्रायव्हरसकट मागवलेली दुसरी मोटार येत होती. तिच्यात चार गडी, एक पंप आणि साहेबांसाठी बिस्किटं होती. तिचे टायर कुठून आले होते, ते मी विचारलं नाही.

कळमनुरीला थांबलो. सरकारांना उतरण्यासाठी पायरी लावायची होती, त्यासाठी मामांना बोलावलं. मी मागे जाऊन पाहतो तर दोन गडी टायरला पंप जोडून घामाघूम झाले होते आणि कारभारी दर चार दांड्यांनी काठी मारून कान लावत होते.

"काहून भरून राहिले?" मी ओरडलो. "मामांनी मोजून भरलीय!"

"अजून बोलत न्हाई."

"ते रबर आहे, कारभारी. ते बोलणार नाही. बोललं तर एकदाच बोलेल."

सरकार पायरीवरून उतरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, करमणुकीने. "तुम्ही पुस्तकं वाचता," ते म्हणाले, "आमचे कारभारी चाकं वाचतात. करू द्या त्यांना."

मामांनी येऊन एका टायरचा वॉल्व्ह दाबला. हवा फुस्स करून निघाली. तूप सांडावं तसे कारभारी कळवळले. "सरकार, हे डबा खाली बसवून राहिले! हिंगोलीतून जायचंय आपल्याला!" सरकारांनी हात वर केला आणि मामांना वॉल्व्ह सोडावा लागला. हिंगोलीच्या बाजारातून डबा ताठ गेला पाहिजे होता. डब्याच्या दोन टायरांत दोन माणसांची अब्रू भरली जात होती, आणि त्यांतला एकही टायर त्यांचा नव्हता.

हिंगोलीत तो गेला ताठ. लोक उभे राहून पाहत होते. आमचे रोजचे उतारू हातात गाठोडी घेऊन सर्व्हिस मोटारीच्या जागी उभे होते. त्यांतल्या एका म्हातारीने मामांना ओळखलं आणि हात केला. मामांनी मान खाली घातली. गावाबाहेर पडण्याआधी कारभाऱ्यांनी आणखी एकदा पंप लावला. या वेळी त्यांनी काठी मारली तेव्हा खरोखर टणक आवाज आला. ते आनंदाने माझ्याकडे वळले. "आयकलं?"

ऊन डोक्यावर आलं होतं. नरसी मागे पडली. तिच्या पुढे नव्या खडीचा तुकडा होता, अजून न दबलेला, धारदार. मामांनी मोटार जवळजवळ माणसाच्या चालीवर आणली. एक दगड, काही फार मोठा नाही, उजव्या चाकाखाली आला. मऊ टायरने तो पोटात घेतला असता. आवाज बंदुकीसारखा झाला. डबा एका अंगाला बसला, मोटारीला आडवं ओढत नालीपर्यंत गेला आणि थांबला. आतून बंबाचं पाणी दाराखालून वाहू लागलं.

गड्यांनी सरकारांना खाली घेतलं. लागलं कुणालाच नाही. शेरवानी ओली झाली होती. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "जाजम भिजलं का पाहा."

मामा रस्त्यात बसून टायर चाचपत होते. कुशीला वीतभर चीर होती, आतली सुतं पिंजल्यासारखी बाहेर आली होती. त्यांचा हात त्या चिरेवरून पुनःपुन्हा जात होता. मला त्या क्षणी कारभाऱ्यांची काठी हिसकावून घ्यावीशी वाटली. कशासाठी, ते वाचकांनी ठरवावं.

कारभाऱ्यांना उपाय सुचला होता. "ट्यूब काढा, आत कडबा ठासून भरा अन् ओढा. सेनगाव काय लांब ऱ्हायलं?"

"कडब्यावर ओढला तर टायरचा चुरा व्हईल," मामा म्हणाले. "आज चीर हाय, सांधता यील. ओढल्यावर न्हाई येनार."

"सरकारचा शब्द मोठा का तुमचा टायर?"

रस्त्यालगत लमाणांचा तांडा होता. आवाज ऐकून तिथली माणसं आली होती. त्यांचा नायक, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस, डब्याभोवती एक फेरी मारून आला. आत डोकावला, पलंग पाहिले, आरसा पाहिला.

"घर हाय?" त्याने मला विचारलं.

"घर आहे."

"संगं घेऊन फिरतेत?"

"हो."

"आमचे बापजादे बैलावर घर लादून फिरायचे," तो म्हणाला, "तवा ह्यायचे बापजादे त्यायला भटके म्हनायचे. आता ह्ये बी निघाले का?"

त्याच्या मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरकारांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यात ते तयार होते.

मामा उठले. मोटारीतून जॅक काढला आणि डब्याच्या शाबूत बाजूखाली लावला.

"हे काय करून राहिले?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"माझा टायर काढून राहिलो. अन् तो फुटका बी."

"सरकार हितं हुबे हायेत!"

"दिसून राहिले की मला." मामा सरकारांकडे वळले. आवाज चढवला नाही, हातही जोडले नाहीत. "सरकार, मोटारीत बसा. तुमाला सेनगावला सोडतो, साहेबाला भेटा. डबा हितंच ऱ्हाईल. माझ्या टायरावर तो आता एक हात बी सरकनार न्हाई."

सरकारांनी शेरवानीची ओली बाही झटकली. मग म्हणाले, "सर्व्हिस आमच्या तालुक्यात चालवायची आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर टायर नेतोय," मामा म्हणाले.

नायकाने आपल्या माणसांना काहीतरी सांगितलं. त्यांनी दगड आणून डब्याच्या आसाखाली रचले, दोन्ही बाजूंना, नीट सपाट पाहून. डबा दगडांवर बसला. त्याची दोन्ही चाकं उघडी लोखंडी राहिली. सरकार मोटारीत बसले, मामांनी त्यांना सेनगावला सोडलं. मी दोन्ही टायर तांड्याच्या गाडीत घालून नरसीला आणले. बडे साहेब आपल्या तंबूत उतरले होते, असं मागाहून कळलं. डब्याबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तक्रार मात्र झाली. मामांना तहसिलीत बोलावलं. मी बरोबर होतो. पेशकार मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "सरकारांच्या गाडीचं चाक काढून त्यांना रस्त्यात सोडलंत?"

"चाक न्हाई काढलं. टायर काढला. माझा हाय."

"पण सरकार त्या प्रवासात त्यात बसलेले होते."

"डब्यात व्हते," मामा म्हणाले. "टायरात न्हवते."

पेशकारांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. लायसन तरीही अडकवलं. कारण दिलं गेलं, उतारूंशी गैरवर्तन. उतारू कोण, तर ज्यांनी तिकीट काढलं नव्हतं, ज्यांना मोटारच दिली नव्हती, उलट ज्यांनी मोटारीचे पाय काढून नेले होते ते.

त्या पावसाळ्यात सेनगावकडून चार माणसं खांद्यावर बाज घेऊन हिंगोलीला येताना मी पाहिली. बाजेवर अवघडलेली बाई होती, वर घोंगडं धरलेलं, खाली चिखल. ती वाचली की नाही, मला कळलं नाही. त्या रस्त्याने आमची मोटार पावसातही, जमेल तिथवर, जात असे. कुणाला वाटेल मी दोन टायरांवरून इतका का संतापतो. त्याला मी ती बाज दाखवू इच्छितो.

लायसन सुटलं, पण न्याय होऊन नव्हे. नवे तहसीलदार आले आणि त्यांना सेनगावला जायचं होतं. मामांनी फुटक्या टायरच्या चिरेवर आतून जुन्या टायरचा तुकडा ठोकून घेतला, वरून पट्टा आवळला. तो टायर चाले, पण दर फेऱ्याला ढब् वाजे. नरसीचे लोक त्या आवाजावरून चहाचं आधण ठेवू लागले.

पुढच्या हिवाळ्यात एकदा सेनगावहून परतताना रस्त्यात सरकार उभे दिसले. त्यांची मोटार बंद पडली होती. कारभारी नव्हते. मामांनी मोटार थांबवली, सरकार पुढच्या बाकावर बसले आणि आम्ही निघालो. ढब्, ढब्, ढब्.

"हा आवाज कसला?" सरकारांनी विचारलं.

"टायरला पट्टा हाय," मामा म्हणाले.

"मग नवा का घेत नाही?"

मी वैशाखापासून या माणसासाठी वाक्यं जमवून ठेवली होती, चांगली घासून. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. त्याला खरोखर आठवत नव्हतं. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "सरकार, तिकीट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. मागच्या बाकांवरचं बोलणं थांबलं. सरकारांनी शेरवानीचा एक खिसा चाचपला, मग दुसरा. स्वतःच्या खिशात पैसे ठेवायची त्यांना सवय नव्हती.

मामांनी मोटार कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सावकाश शोधा," ते म्हणाले. "घाई न्हाई."

मोटारीत वीसेक माणसं होती. सगळे सरकारांच्या खिशाकडे पाहत, आपापली गाठोडी मांडीवर घेऊन, निवांत बसून राहिले.